पहाऱ्याआधीचं बांधकाम
देहाची तटबंदी : लेखांक ६

काटा रुतला किंवा जखमेत माती गेली, की धावून येणाऱ्या त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशी आपण मागच्या आठवड्यात पाहिल्या. त्या तिथे राहायला येतात कधी? जन्मानंतर, जंतूंशी पहिली गाठ पडल्यावर, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या येतात तेव्हा गर्भ जेमतेम बोटाच्या पेराएवढा असतो.

लोहारा किंवा तुळजापूर तालुक्यातल्या गावात आशाताई गर्भवतीची नोंद शक्यतो १२ आठवड्यांच्या आत करतात. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले असतात. गर्भधारणेपासून मोजले, तर ते साधारण दोनने कमी भरतात. म्हणजे अगदी वेळेवर नोंद झाली, तरी बाळाच्या त्वचेत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तोवर पोचलेल्या असतात.

त्या येतात कुठून, तर अस्थिमज्जा अजून तयार नसल्यामुळे पहिली तुकडी निघते ती गर्भाबाहेरच्या पीतक कोशातून; पुढच्या तुकड्या गर्भाच्या यकृतातून. त्वचेच्या वरच्या थरातल्या लँगरहान्स पेशींचे पूर्वजही असेच जन्माआधी येऊन वसतात. पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये विद्यार्थिदशेत या पेशी शोधल्या, पण त्यांना त्या चेतापेशी वाटल्या होत्या.

गर्भाशयात जंतूंचा हल्ला जवळपास नसतोच. मग या पेशी तिथे काय करतात? ब्रिटनमधल्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूट आणि न्यूकॅसल विद्यापीठातल्या मुझलिफा हनिफा व सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं उत्तर मांडलं. संमतीने दान मिळालेल्या ऊतींमधून त्यांनी गर्भधारणेनंतरच्या ७ ते १७ आठवड्यांतल्या त्वचेतल्या एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत, हे तपासलं. त्यात मॅक्रोफेज रक्तवाहिन्या उभारायला मदत करताना दिसल्या.

मला या संशोधनातला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा प्रयोग. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत केस उगवणारी त्वचा वाढवता येते, पण त्या त्वचेत रोगप्रतिकारक पेशी नव्हत्या आणि रक्तवाहिन्याही तुटपुंज्याच होत्या. तिच्यात मॅक्रोफेज सोडल्यावर रक्तवाहिन्यांची वाढ सुधारली. केवळ शेजारी दिसणं वेगळं आणि हातभार लावणं वेगळं. तो हातभार इथे दिसला. भाजलेल्या माणसाला उद्या प्रयोगशाळेतली त्वचा लावायची, तर तिला रक्त मिळालंच पाहिजे. त्यामुळे हा शोध इस्पितळापर्यंत पोचण्याजोगा आहे.

जखमांचंही असंच आहे. साधारण २४ आठवड्यांपर्यंत गर्भाच्या त्वचेवरची जखम व्रण न ठेवता भरून येते. त्यातही मॅक्रोफेजचा वाटा असल्याचे संकेत याच अभ्यासात मिळाले आहेत. केसांची मुळंही याच काळात रुजू लागतात, आणि जन्मानंतर सहसा नवी तयार होत नाहीत. तुळजापूरला बाळाचं जावळ काढल्यावर पुन्हा केस येतात, ते आईच्या पोटात तयार झालेल्या मुळांतूनच.

धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या सहभागाने, तीन ते पाच महिन्यांच्या गर्भवतींमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास झालेला आहे. त्यात बहुतेकींचं हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्वचेतल्या पेशी हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता, आणि दोन्हींचा थेट संबंध जोडणं चुकीचं ठरेल. पण बाळाच्या त्वचेत रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जातं ते याच महिन्यांत. लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण यांसाठी सातवा महिना उजाडायची वाट पाहणाऱ्या घरांना मी हे कळकळीने सांगू इच्छितो.

जन्मानंतर मात्र पहारा लगेच सुरू होतो. बाळाच्या डाव्या दंडात, कातडीच्या आतल्या थरात बीसीजीची लस टोचतात. तिथल्या पेशी लसीतले जिवाणू गिळून काखेतल्या लसिका गाठींपर्यंत नेतात आणि टी पेशींना त्यांची ओळख पटवतात. ही ओळख वर्षानुवर्षं कशी टिकते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.