हृदयाचा मदतनीस पंप व त्याची राखण

मनुष्याचें हृदय मुठीएवढें असतें. पण त्याचें काम पाहिलें म्हणजे मोठमोठ्या यंत्रांनींहि मान खालीं घालावी. दिवसांतून सुमारें एक लाख वेळां तें आकुंचन पावतें, आणि दर मिनिटास साधारणपणें पांच लिटर रक्त सर्व शरीरांत फिरवितें. हिशेबाची आवड असलेल्या विद्यार्थ्यानें गुणाकार करून पाहावा. चोवीस तासांत सात हजार लिटरांहून अधिक रक्त या लहानशा अवयवांतून जातें, असें त्यास आढळून येईल. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षांच्या मळ्यांत विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणजे वेलींची काय दशा होते, हें आमच्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. हृदय थकलें कीं शरीराची तीच दशा होते.

हृदयाचे चार कप्पे आहेत. त्यांपैकीं डावी जवनिका, म्हणजे डावीकडील खालचा कप्पा, शुद्ध रक्त महारोहिणी नांवाच्या मुख्य रक्तवाहिनींत ढकलते. हृदयविकाराच्या झटक्यानें, स्नायूंच्या विकारानें किंवा झडपांच्या जुन्या दुखण्यानें हा कप्पा दुबळा झाला म्हणजे मनुष्यास जिना चढवत नाहीं, आडवें निजवत नाहीं, पायांस सूज येते व फुप्फुसांत पाणी सांचूं लागतें. औषधांनीं पुष्कळांस गुण येतो. ज्यांस येत नाहीं, त्यांपैकीं कांहींस दोन मोठे उपाय उरतात : दुसऱ्याचें हृदय बसविणें, अथवा स्वतःच्या हृदयास मदतनीस म्हणून एक पंप जोडणें. या दुसऱ्या उपायाची, आणि विशेषतः तो केल्यानंतर रोग्याची निगा कशी राखावी याची, माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. असा एखादा गृहस्थ उद्यां आपल्याच आळींत राहावयास येईल. त्या वेळीं शेजाऱ्यांचें अज्ञान त्याच्या जिवावर बेतूं नये, हा आमचा हेतु.

हृदयरोपणाचा इतिहास महाराष्ट्रास परका नाहीं. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत केप टाउन येथें डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीं एका मनुष्याचें हृदय दुसऱ्यास बसविलें. त्यानंतर तीन महिने लोटण्यापूर्वींच, फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तीच शस्त्रक्रिया केली. तो रोगी कांहीं तासच जगला. पुढें १९९४ सालीं मानवी अवयवरोपणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. पी. वेणुगोपाल यांस या देशांतील पहिलें यश लाभलें. मुंबईस मात्र २०१५ सालचा ऑगस्ट उजाडावा लागला. त्या वेळीं पुण्याहून आणलेलें हृदय डॉ. अन्वय मुळे यांनीं मुलुंड येथें एका तरुणास बसविलें.

ही विद्या हातीं आली तरी अडचण संपली नाहीं. दात्याचें हृदय शरीराबाहेर सुमारें चार तासच टिकतें. रक्तगट व शरीराचा आकार जुळावा लागतो. आणि दुःखाच्या प्रसंगीं दानास संमति देणारीं कुटुंबें थोडीं. वाट पाहतां पाहतां रोगी दगावतो. हा काळ निभावून न्यावा, आणि ज्यांस रोपण करणें शक्यच नाहीं त्यांसहि आधार मिळावा, म्हणून पंपाची कल्पना पुढें आली. १९६६ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं डॉ. मायकेल डिबेकी यांनीं अशा पंपानें एका स्त्रीच्या हृदयास दहा दिवस आधार दिला. तिचें हृदय सावरलें व पंप काढून घेतां आला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत १२९ अत्यवस्थ रोगी घेतले होते. ज्यांस पंप बसविला त्यांपैकीं निम्म्यांहून किंचित् अधिक वर्षानंतर जिवंत होते. केवळ औषधांवर असलेल्यांपैकीं एक चतुर्थांशच उरले. त्यानंतर पंप पुष्कळ सुधारले. हल्लींच्या चुंबकीय पंपाच्या रोग्यांपैकीं पांच वर्षांनीं शेंकडा ५८ हयात राहतात, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत दिसून आलें.

आपल्या देशांत हें काम मोठ्या शहरांतील थोड्याच रुग्णालयांत होतें, चेन्नईचे डॉ. के. आर. बाळकृष्णन यांनीं त्यांत विशेष नांव मिळविलें आहे. नाशिककर रोग्यास शस्त्रक्रियेकरितां दूर जावें लागलें, तरी त्याचे पुढचे दिवस जावयाचे ते आपल्या घरींच. म्हणून पंप बसविणें हें शल्यवैद्याचें काम असलें, तरी पंपाचा मनुष्य जगविणें हें त्याच्या घराचें व शेजाराचें काम आहे. या लेखाचें सार एवढेंच आहे.

आतां यंत्र पाहूं. पंप तळहातांत मावेल एवढा असतो. त्याचें एक तोंड डाव्या जवनिकेच्या टोकांत बसवितात, व दुसऱ्या तोंडाची नळी महारोहिणीस शिवतात. आंत एक लहानसें चाक असतें. नव्या पंपांत हें चाक चुंबकाच्या बळावर अधांतरीं राहून मिनिटास साधारणतः पांच ते सहा हजार फेरे घेतें; कोठें घासत नाहीं, म्हणून झीज नाहीं, आणि रक्तांतील पेशीहि फारशा चिरडल्या जात नाहींत. पंपापासून निघालेली एक तार पोटाच्या त्वचेंतून बाहेर येऊन कमरेच्या नियंत्रकास मिळते, आणि नियंत्रकास दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. रोग्याचें मूळ हृदय काढून टाकीत नाहींत. तें जागच्या जागीं असतें, पंप त्याचा भार उचलतो.

या यंत्राची एक नवलाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. नाडी म्हणजे हृदयाच्या ठोक्यानें रक्तांत उठणारी लाट. चाक अखंड फिरतें, प्रवाहहि जवळ जवळ अखंड वाहतो. लाटच नाहीं, तर मनगटावर बोटांस काय लागणार? यास्तव अशा पुष्कळ रोग्यांची नाडी हातास लागत नाहीं, आणि दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें नेहमींचें यंत्रहि पुष्कळदां फसतें. डॉक्टर डॉपलर नांवाच्या ध्वनियंत्रानें दाब पाहतात, व त्याची सरासरी पाऱ्याच्या ७० ते ९० मिलिमीटरांच्या दरम्यान राखण्याचा यत्न करतात. छातीस स्टेथॉस्कोप लावल्यास भुंग्यासारखें गुणगुणणें ऐकूं येतें. तें गुणगुणणें हीच या मनुष्याची नाडी होय.

राखणींत पहिली काळजी विजेची. भरलेल्या बॅटऱ्यांची जोडी पंपाच्या प्रकाराप्रमाणें दहा ते सतरा तास चालते. घराबाहेर पडतांना दुसरी भरलेली जोडी व जादा नियंत्रक बरोबर असलाच पाहिजे, मग जाणें कोपऱ्यावरच्या वाण्याकडे कां असेना. बॅटरी बदलतांना एका वेळीं एकच काढावी. दोन्ही एकदम काढणें म्हणजे तोंडचा घास व हातचा घास एकाच वेळीं हिरावून घेणें. रात्रीं पंप घरांतील विजेवर चालवितात, कारण झोपेंत बॅटरी संपल्याचा इशारा ऐकूं न येण्याचा संभव असतो. पावसाळ्यांत वीज जाणें आपल्याकडील खेड्यांस नवें नाहीं. तेव्हां रोगी घरीं येण्यापूर्वींच वायरिंग व अर्थिंग तपासून घ्यावें. वीज कार्यालयास लेखी कळवावें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें इन्व्हर्टर किंवा जनित्राची सोय करावी, आणि ज्याच्या घरीं जनित्र आहे अशा शेजाऱ्याशीं आधींच बोलून ठेवावें. ज्या बटणावर पंप चालतो त्यावर ‘हात लावूं नये’ अशी ठळक चिठ्ठी डकवावी. लहान मुलें बटण दाबून पाहण्यांत पटाईत असतात.

दुसरी काळजी तारेच्या छिद्राची. त्वचेचें दार येथें कायमचें किलकिलें राहतें, आणि जंतूंस तेवढें पुरे. पट्टी बदलणारानें हात साबणानें स्वच्छ धुवावे, तोंडास मुखपट्टी बांधावी, निर्जंतुक हातमोजे घालावे, व शिकविलेला क्रम कधीं मोडूं नये. तार पट्ट्यानें अंगाशीं पक्की बांधावी; तिला हिसका बसल्यास आंतली जखम पुनः उघडते. लाली, पू, दुखणें किंवा ताप यांपैकीं कांहींहि दिसलें तर त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें.

नदींत, विहिरींत किंवा तरणतलावांत उतरणें या रोग्यास सर्वथा वर्ज्य. गोदाकांठच्या माणसास हा नियम फार जड जातो. २०१५ च्या सिंहस्थांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक रामकुंडावर स्नानास आले. आणि ज्याचें घर घाटापासून हांकेच्या अंतरावर, त्यानें मात्र कोरडें राहावयाचें! पण यंत्रास पाणी लागलें तर पंप बंद पडेल, व छिद्रास लागलें तर विषार भिनेल. अशा मनुष्यानें घाटाच्या वरच्या पायरीवरून हात जोडावे, आणि घरच्यांनीं त्यास आग्रह करूं नये. जखम भरून आल्यावर डॉक्टरांची अनुमति असल्यास उपकरणें खास पिशवींत झांकून फवाऱ्याखालीं स्नान करतां येतें. तोंवर ओल्या फडक्यानें अंग पुसावें.

तिसरी काळजी रक्ताची. परक्या वस्तूस स्पर्श होतांच गोठावें, हा रक्ताचा स्वभाव. म्हणून तें पातळ राखण्यास वॉरफॅरिनची गोळी रोज ठरल्या वेळीं घ्यावी लागते, आणि आय. एन. आर. नांवाच्या तपासणीचा आंकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. आंकडा खालीं गेला तर गुठळीचें भय, वर गेला तर रक्तस्रावाचें. मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांनीं या गोळीचा जोर कमी होतो. भाजी सोडावी असें नव्हे. पण आठवडाभर मुळींच नाहीं आणि रविवारीं ताटभर, असें होऊं नये. पूर्वीं सोबत अ‍ॅस्पिरिनहि देत असत. चुंबकीय पंपाच्या रोग्यांत तें वगळल्यास रक्तस्राव कमी होतो व गुठळ्यांचा धोका वाढत नाहीं, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत आढळलें. तथापि कोणतीहि गोळी चालू वा बंद करणें हें डॉक्टरांचें काम. शेजाऱ्यानें दिलेली दुखण्यावरची गोळी किंवा झाडपाल्याचें चूर्ण विचारल्यावांचून घेऊं नये. काळी शौच, न थांबणारा घोळणा, एका बाजूचा हातपाय लुळा पडणें, बोबडी वळणें, हीं चिन्हें दिसतांच क्षणाचाहि विलंब लावूं नये.

पंप आधार देतो तो हृदयाच्या डाव्या बाजूस. उजवी बाजू आपल्याच बळावर चालते, व ती थकल्यास अंगावर सूज चढते. म्हणून मीठ बेतानें खावें, पापड-लोणच्यांचा मोह आवरावा, आणि रोज सकाळीं वजन करावें. एक-दोन दिवसांत किलो-दीड किलो वजन वाढलें तर तें पाण्याचें समजावें व कळवावें. वजन, ताप, आणि नियंत्रकावर दिसणारे वेग, प्रवाह व विजेचा खर्च यांचे आंकडे एका वहींत रोज लिहावे. घरांत शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल तर ही वही त्यांच्याकडे सोंपवावी; सुवाच्य अक्षराचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. असा मनुष्य रस्त्यांत कोसळला तर लोक धांवतात, मनगट चांचपतात, आणि नाडी नाहीं असें पाहून ‘आटोपलें’ म्हणतात. वाचकहो, हा शब्द कधीं उच्चारूं नका. कमरेस नियंत्रक व बॅटऱ्या दिसल्या तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि त्याच्या पिशवींतील पत्रकावर लिहिलेल्या रुग्णालयासहि कळवावें. यंत्राचा इशारा वाजत आहे काय, कोठें तार सुटली आहे काय, बॅटरी संपली आहे काय, हें पाहावें. सुटलेली तार जोडल्यानें किंवा भरलेली बॅटरी लावल्यानें पंप पुनः चालूं लागण्याचा संभव असतो. मनुष्य शुद्धीवर असेल, श्वास नीट चालत असेल, तर छातीवर दाब देऊं नये. पण शुद्धि नाहीं, श्वास नाहीं, अंग निळें-पांढरें पडलें आहे, अशी स्थिति असेल तर मदत येईपर्यंत छातीवर दाब देण्यास कचरूं नये. रुग्णालयांत नेतांना बॅटऱ्यांची पिशवी बरोबर न्यावी. ती मागें राहिली तर प्राणच मागें राहिला.

या उपायाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. खर्च कित्येक लाखांचा, व तो शस्त्रक्रियेपाशीं थांबत नाहीं. चुंबकीय यंत्रांत घालून शरीराची प्रतिमा घेण्याची तपासणी या रोग्यास चालत नाहीं. यंत्रेंहि निर्दोष नसतात. पुष्कळ देशांत वापरांत असलेला एक पंप मेंदूच्या विकारांचें अधिक प्रमाण व बंद पडल्यास पुनः सुरू न होण्याचा दोष यांमुळें २०२१ सालीं विक्रींतून काढून घेण्यांत आला. म्हणून पंप घ्यावा कीं न घ्यावा, याचा विचार रोग्यानें व घरच्यांनीं डॉक्टरांसमवेत शांतपणें करावा. कोणी नको म्हटलें तर त्यास भित्रा म्हणूं नये. कोणी हो म्हटलें तर रात्रीं बॅटऱ्या कोण भरील, पट्टी कोण बदलील, हें आधीं ठरवावें.

विद्यार्थिमित्रांनो, १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकांत आहे, आणि तुमच्यांतील कांहीं जण पुढें वैद्यकाच्या मार्गानें जातील. पण या कामास पदवीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. हात स्वच्छ धुणें, वही नेमानें लिहिणें, शेजारच्या आजोबांची बॅटरी भरली आहे ना हें विचारणें, आणि नाडी लागत नाहीं म्हणून मनुष्याची आशा न सोडणें, एवढें आजच तुमच्या हातचें आहे. छातींतलें चाक चुंबकाच्या बळावर फिरतें खरें. परंतु तें फिरतें राहतें तें घरांतल्या जागत्या माणसांच्या बळावर.