ऋतूंचे खाते

आयुर्वेद म्हणजे काढे, चूर्णे आणि भस्मे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः औषधांचे प्रकरण पुढचे. त्याआधी येतात दिनचर्या आणि ऋतुचर्या. शरीर निसर्गाचाच अंश असल्याने बाहेरचा ऋतू पालटला की आतील व्यवहारही पालटतो, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आहे.

हे व्यवहार वात, पित्त आणि कफ या तीन दोषांवर चालतात. प्रत्येकाचा आधी संचय होतो, मग प्रकोप आणि शेवटी प्रशम. ग्रीष्मात साठलेला वात वर्षा ऋतूत उसळतो, वर्षा ऋतूत साठलेले पित्त शरदात भडकते आणि थंडीत साठलेला कफ वसंतात पातळ होऊन त्रास देतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर आश्विनातील आम्लपित्त ही श्रावण-भाद्रपदाची थकबाकी असते. वसुली दारात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा खाते वेळीच तपासलेले बरे.

पावसाळ्यात जठराग्नी मंद असतो. म्हणून चरकसंहितेने या ऋतूत जुने जव, गहू व तांदूळ आणि उकळून थंड केलेले पाणी सांगितले असून दिवसा झोपणे वर्ज्य मानले आहे. चातुर्मासातील सूर्यास्तापूर्वीचे भोजन, उकळलेले पाणी आणि पालेभाज्यांचा त्याग यांचे मूळ अहिंसेत आहे. तरीही मंद अग्नीला हे नियम मानवतात. दुपारी घाईचे दोन घास आणि दुकान बंद झाल्यावर रात्री उशिरा भरपेट जेवण, हा आजचा क्रम मात्र धर्म आणि आरोग्य या दोन्ही खात्यांत तोट्याचा ठरतो.

बदल एकाएकी करू नये. वाग्भटांच्या अष्टांगहृदयानुसार सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुनी सवय क्रमाक्रमाने सोडावी आणि नवी धरावी.

निसर्गाशी समतोल राखणे म्हणजे इतर जीवांनाही जपणे. जैन आचार्य उग्रादित्य यांनी नवव्या शतकात ‘कल्याणकारक’ या संस्कृत ग्रंथात मद्य, मांस व मध टाळून चिकित्सा मांडली. हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापुरातून प्रकाशित झाला.

मधुमेह वा रक्तदाबाची चालू औषधे कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. उपवासापूर्वीही डॉक्टरांचा किंवा वैद्यांचा सल्ला घ्यावा. सुरुवात मात्र घरातूनच होऊ शकते. सायंकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी दुकानात पोहोचला, तरी या खात्यात पहिली जमा पडेल.