हातूम, मोना

हातूम, मोना : (११ फेब्रुवारी १९५२– ). पॅलेस्टिनी-ब्रिटिश शिल्पकर्ती. पोलाद, तारजाळी, विद्युत्‌प्रवाह व घरगुती वस्तू यांतून घडविलेल्या मांडणशिल्पांबद्दल विशेष प्रसिद्ध. बेरूत (लेबानन) येथे पॅलेस्टिनी कुटुंबात जन्म. १९७५ मध्ये ती अल्पकाळासाठी लंडनला गेली असता लेबाननमध्ये यादवी युद्ध उद्‌भवले व तिला परतता आले नाही. तेथेच बायम शॉ (१९७५–७९) व स्लेड (१९७९–८१) या कलाविद्यालयांत तिने शिक्षण घेतले. आरंभी तिने स्वतःच्या देहाच्या माध्यमातून प्रत्यक्ष सादरीकरणे केली व चित्रफिती तयार केल्या. १९९० च्या सुमारास ती मांडणशिल्पांकडे वळली.

१९६० नंतरच्या अमेरिकन अल्पतम कलेने कारखान्यातील पोलाद आणि एकसारख्या चौकोनी घटकांची पुनरावृत्ती यांना शिल्पात स्थान दिले होते. त्या तटस्थ आकारांना हातूमने बंदिवास व श्रम यांचे संदर्भ दिले. लाइट सेन्टेन्स (१९९२) या कृतीत कामगारांच्या कपाटांसारखे तारजाळीचे ३६ कप्पे रचले असून, त्यांमधून एकच दिवा यंत्राच्या साहाय्याने संथपणे वरखाली होतो. भिंतींवर हलणाऱ्या जाळीच्या सावल्यांमुळे सारी खोलीच डोलत असल्याचा भास होऊन प्रेक्षकाचा तोल ढळतो.

पुढे स्वयंपाकघर हा तिचा महत्त्वाचा विषय ठरला. होमबाउंड (२०००) मध्ये टेबल, खाटा, चाळण्या, किसण्या इ. वस्तू विजेच्या तारांनी जोडलेल्या आहेत. त्यांतील दिवे मंद-प्रखर होतात, प्रवाहाची गुणगुण ध्वनिवर्धकातून ऐकू येते आणि प्रेक्षकाला तारांच्या कुंपणाबाहेरच थांबावे लागते. ग्रेटर डिव्हाइड (२००२) ही घडीच्या पडद्याएवढी पोलादी किसणी होय. इंग्रजीत ‘किसणी’ व ‘अधिक मोठा’ या अर्थाच्या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे असल्याने, या शीर्षकातून दुरावा वाढविणारी भिंतही सूचित होते. आडोसा देणारी वस्तूच येथे अंग सोलणारी ठरते. दॉर्मिएंते (२००८) मध्ये तशीच किसणी शय्येप्रमाणे आडवी ठेवलेली आहे.

या कृतींत स्त्री अथवा श्रमिक यांची आकृती कोठेही नाही. हत्यार तेवढे आहे. हातात मावणारे उपकरण देहाएवढे झाले, की ते वापरणारा हात, त्याची रोजची पुनरावृत्ती व त्यातील इजा यांची जाणीव प्रेक्षकाला स्वतःच्या शरीरावरून होते. घर हे विसाव्याचे स्थान, कारखाना हे श्रमाचे, ही रूढ विभागणी त्यामुळे टिकत नाही. तथापि या कृतींचा अर्थ केवळ स्त्रीजीवनापुरता मर्यादित नाही. घर गमावलेल्या निर्वासिताचा अनुभवही त्यांत मिसळलेला आहे.

१९९५ मध्ये टर्नर पारितोषिकासाठी तिचे नामांकन झाले. २०१९ मध्ये तिला जपानचा ‘प्रीमियम इम्पेरियाले’ हा पुरस्कार लाभला.