सहलीची गाडी आणि सहलीचा हिशेब

दुकानदार माणूस सहलीला निघतो तो वर्षातून एकदा, तोही धंदा मंद असताना. जानेवारी 2024 मध्ये आमच्या बाजारातल्या पाच दुकानांची मंडळी घरच्यांसह मुंबईहून कोकण किनाऱ्याला तीन दिवस जाऊन आली. जागा नामी, गाडी चांगली, ड्रायव्हर भला. तरीही परतल्यावर एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे बोलणे दोन महिने बंद होते. कारण हिशेब. इतरांवर ही पाळी येऊ नये म्हणून आमचा अनुभव येथे मांडतो.

प्रथम गाडी. या वाटेला पन्नास सीटची बस घेऊ नये. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडचे गावरस्ते नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातात. समोरून एस.टी. आली की मोठ्या गाडीची पंचाईत होते. तेरा किंवा सतरा सीटची मिनी बस बरी. नंबरप्लेट पिवळी आहे ना, परमिट व विमा चालू आहे ना, हे आधी पाहावे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने नेणे कायद्याला धरून नाही आणि अपघात झाल्यास विम्याचे पैसे मिळणे कठीण जाते.

वाट अशी. अलिबाग, रेवदंडा करीत पहिला मुक्काम मुरूडला. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ल्यात जाता येते. पावसाळ्यात होड्या बंद असतात. सिद्दी नवाबांचे हे संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले. बुरुजावरची कलालबांगडी तोफ पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी आगरदांडा जेट्टीवर आपली गाडीच फेरीबोटीत चढते आणि पलीकडे दिघीला उतरते, त्यामुळे खाडीचा लांब वळसा वाचतो. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. वाळूत गाडी घालू नये, भरती आली की चाके रुततात. व्यापारी नजरेने पाहिल्यास श्रीवर्धनची रोठा सुपारी घेण्याजोगी आहे. फेब्रुवारीनंतर गेल्यास अलिबागचा पांढरा कांदा माळांनी मिळतो. त्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

आता मुख्य मुद्दा. गाडीवाला भाडे किलोमीटरवर सांगतो, पण रोजचे किमान किलोमीटर धरतो आणि मोजणी त्याच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत करतो. समजा दर 20 रुपये व किमान 250 किलोमीटर आहेत. तीन दिवसांचे 750 किलोमीटर, म्हणजे 15,000 रुपये झाले. गाडी 500 किलोमीटरच फिरली तरी रक्कम तीच. ड्रायव्हरचा भत्ता रोज 500 प्रमाणे 1,500. टोल, पार्किंग, फेरीबोट मिळून आणखी 1,500. एकूण 18,000 रुपये. किनाऱ्याला रोजची मजल थोडी असते, म्हणून दर पाडून मागण्यापेक्षा किमान किलोमीटर कमी करून घ्यावेत. फायदा त्यातच आहे.

पंधरा माणसे असली तर डोई 1,200 रुपये पडतात, बारा असली तर 1,500. आमच्यात हेच घडले. आदल्या संध्याकाळी एका घरची तीन माणसे गळाली. गाडी ठरलेली, भाडे तेवढेच. फरक डोई 300 चा, पण चार माणसांच्या घराला तो 1,200 चा झाला. कोणी म्हणे, न आलेल्याने द्यावेत. तो म्हणे, मी बसलोच नाही तर देऊ कशाचे? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, कारण आधी काही ठरलेच नव्हते.

तेव्हा नाव देतानाच सीटचे पूर्ण पैसे घ्यावेत. ऐनवेळी गळणाऱ्याने बदली माणूस द्यावा, नाहीतर आपल्या सीटचा भार सोसावा. मुलांची सीट पूर्ण की अर्धी, हेही आधीच ठरवावे. पैसे एकाच्या हाती ठेवावेत, वही दुसऱ्याच्या. गाडीवाल्याकडून दर, किमान किलोमीटर, भत्ता व टोल कोणाकडे, हे एका कागदावर सहीनिशी घ्यावे.

कापडाचा गठ्ठा आपण मोजल्याशिवाय उचलत नाही. मग दोस्तीचा व्यवहार तरी मोघम का ठेवावा?