विश्लेषण : लॅपटॉप वॉरंटीत, तरी हाती दुरुस्तीचे बिल! असे का होते? ग्राहकाचे हक्क काय?

लॅपटॉप घेऊन वर्षही झालेले नसते आणि एक दिवस तो चालूच होत नाही. ‘वॉरंटीत आहे, काळजी नको’ म्हणत सर्व्हिस सेंटर गाठावे, तर चार दिवसांनी फोन येतो, ‘मदरबोर्डला पाणी लागले आहे, वॉरंटीत बसत नाही.’ दुरुस्तीचा आकडा ऐकला की थोडी भर घालून नवाच घ्यावा, असे वाटू लागते. घरात एकच लॅपटॉप आणि त्यावरच परीक्षा किंवा नोकरी अवलंबून असेल, तर वाद घालायला वेळ नसतो. मुकाट्याने पैसे भरले जातात. पण सर्व्हिस सेंटरचा शब्द खरेच अंतिम असतो का?

वॉरंटी नेमकी कशाची असते?

साधी वॉरंटी ही निर्मितीतील दोषाची हमी असते, तो विमा नव्हे. एखादा भाग मुळातच सदोष निघाला तर कंपनी तो दुरुस्त करते किंवा बदलते. लॅपटॉप पडला, चहा सांडला, स्क्रीन तडकली तर त्यासाठी ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ संरक्षण सहसा वेगळे विकत घ्यावे लागते. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली म्हणून ते आपोआप मिळत नाही. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली, तरी बॅटरीची अनेकदा एकाच वर्षाची असते.

दुसरा फरक ‘ऑनसाइट’ आणि ‘कॅरी-इन’चा. ऑनसाइटमध्ये तंत्रज्ञ घरी येतो, कॅरी-इनमध्ये लॅपटॉप आपण न्यायचा. जवळचे अधिकृत केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर तालुक्यातील ग्राहकाचा प्रत्येक फेरीत एक दिवस जातो. ऑनसाइट सेवा आपल्या पिनकोडवर मिळते का, हे खरेदीआधीच विचारावे.

वाद कुठे पेटतो?

सर्व्हिस सेंटरच्या भाषेत एक शब्द आहे, ‘सीआयडी’. मालिकेशी त्याचा संबंध नाही. ‘कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज’, म्हणजे ग्राहकामुळे झालेले नुकसान. हा शिक्का बसला की वॉरंटी बाजूला पडते. हिंज तुटला तर तो कच्चा होता की जोर लावला गेला? बोर्डावर गंज दिसला तर पाणी सांडले की आणखी काही घडले? उत्तर नेहमी सरळ नसते. तरीही तपासणारे, कारण ठरवणारे आणि बिल लावणारे केंद्र एकच असते. ग्राहकाच्या हातात मात्र बहुधा फोनवर ऐकलेले एक वाक्य असते.

लॅपटॉप देताना काय करावे?

● देण्याआधी सर्व बाजूंचे, पोर्टचे आणि स्क्रीनचे फोटो काढा. लॅपटॉप चालू होत असेल तर बिघाडाचा व्हिडीओही घ्या.

● जॉब शीट वाचूनच सही करा. तक्रार तुमच्या शब्दांत आणि लॅपटॉपची बाह्य स्थिती त्यात लिहून घ्या.

● वॉरंटी नाकारली तर कारण ई-मेलवर मागा, नुकसान झालेल्या भागाच्या फोटोसह.

● फोनवर जे ठरले ते त्याच दिवशी ई-मेलने कंपनीला कळवा.

● वेबसाइटवर वॉरंटीची तारीख खरेदीच्या आधीची दिसत असेल तर बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्या.

● काम अडले म्हणून पैसे भरावेच लागले, तर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असे लेखी कळवा आणि बदललेला जुना भाग परत मागा.

डेटाचे काय?

वॉरंटी यंत्राची असते, आतल्या फाइल्सची नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा आधी बॅकअप घ्या. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ चालू असेल आणि मदरबोर्ड बदलला, तर लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. अनेकदा ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप देण्याआधीच ती शोधून लिहून ठेवा. ती नसेल, तर दुरुस्त होऊन आलेल्या लॅपटॉपमधील फाइल्सही उघडता येत नाहीत.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींबाबत दाद मागता येते. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवून तोडगा काढण्याचा प्रयत्न करते, आदेश मात्र देऊ शकत नाही.

आदेश देण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील बंधनकारक नाही. दुकान किंवा कंपनी कुठेही असो, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ पोर्टलवर ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षे.

महत्त्वाचे म्हणजे, तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणजे ‘पाणी लागले’ या निष्कर्षाचीही पडताळणी होऊ शकते. मात्र लॅपटॉप त्याआधीच बाहेरच्या दुकानात उघडला गेला, तर पुरावा कमकुवत होतो. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो.

निकाल किती दिवसांत?

कायद्यातील अपेक्षा ३ महिन्यांची, प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास ५ महिन्यांची. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो. तोवर काम थांबत नाही, त्यामुळे अनेक जण नाद सोडतात. अशा वेळी कागदपत्रे उपयोगी पडतात. जॉब शीट, फोटो आणि लेखी नकार जोडलेली तक्रार आयोगापर्यंत जाण्याआधीच मिटण्याची शक्यता अधिक असते. चहा खरेच सांडला असेल तर कोणताही कागद वाचवणार नाही. पण सांडला नसेल, तर ते सिद्ध करण्याची तयारी लॅपटॉप काउंटरवर ठेवण्याआधी करावी लागते.