नीरेचं पाणी, रॉकेटचं कवच

अवकाशात माल तयार करायचा, तर आधी जमिनीवर रॉकेटच्या कवचाचं पोलाद तापवावं लागतं. पुणे जिल्ह्यात ते काम इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला चालतं, आणि त्या कारखान्याचं मूळ भोर-वेल्ह्याच्या पाण्यात आहे.

नीरा भोर तालुक्यात उगम पावते. राजगडाच्या पायथ्याची गुंजवणी वेल्ह्यातून येऊन तिला मिळते. भाटघर धरणाचं पाणीही तिच्यातच उतरतं. १८८५च्या नीरा डाव्या कालव्याने ते बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर नेलं. त्या पाण्यावर १९३०च्या दशकात उद्योजक वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळ, म्हणजे आजच्या वालचंदनगरात, ऊस आणि साखर कारखाना उभा केला. साखरेपाठोपाठ साखर कारखान्यांची यंत्रं घडवणं आलं, आणि १९७०च्या दशकात इस्रोचं काम.

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं कवच म्हणजे २.८ मीटर व्यासाची, पाच तुकडे जोडून केलेली पोलादी नळी. तिच्यात १३८ टन घन इंधन जळतं. हे मॅरेजिंग पोलाद: १८ टक्के निकेल, सोबत कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम, कार्बन नावापुरता. पत्रा मऊ असतानाच तो वाकवायचा, वेल्ड करायचा, मग पाचशे अंशांच्या आसपास भट्टीत ठेवायचा. तिथे तो कडक होतो, पण आकार जवळपास तसाच राहतो. वेल्डचे एक्स-रे निघतात, पाणी भरून दाबाची चाचणी होते. वेल्डरच्या हाताची एवढी कठोर परीक्षा क्वचितच कुठे होत असेल.

असली कवचं वालचंदनगरप्रमाणे इतर कारखानेही करतात. अशाच कवचाच्या बळावर १० जानेवारी २००७ला पीएसएलव्हीने इस्रोची एसआरई-१ ही कुपी वर नेली. तिच्यातल्या एका छोट्या भट्टीत धातू वितळवून पुन्हा गोठवला. दुसऱ्या प्रयोगात हाडांतल्या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक वाढवले. वजनरहित अवस्थेत जड घटक तळाशी बसत नाहीत, वितळलेल्या द्रवात उष्णतेचे प्रवाह उसळत नाहीत. म्हणून स्फटिक कसा घडतो, ते तिथे वेगळं दिसतं. बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. माझ्या मते खरं यश हेच, कारण वर तयार केलेला माल खाली आणता आला नाही तर तो उद्योग होत नाही.

भोर-वेल्ह्याच्या शिक्षकांना एक विनंती: मुलांना राजगड-तोरणा दाखवता, तशी नीरेच्या पाण्याने पुढे काय घडवलं तीही गोष्ट सांगा. आयटीआयला जाऊन वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला आपलं काम कुठवर पोचू शकतं, ते कळायला हवं.