राजाची नजर आणि बाईंचा कारभार

तेराव्या शतकात ब्रह्मदेशातल्या पगान राज्यात सॉ नावाची राणी होती. बखरी सांगतात, ती शेतकऱ्याची पोर. राजाची नजर पडली आणि राणी झाली. ओळखीची वाटते ना गोष्ट? आपल्याकडे चौंडीची हीच आख्यायिका. मल्हारराव होळकरांनी देवळात माणकोजी पाटलांची मुलगी पाहिली आणि सून करून घेतली. लग्न १७३३ चं. अहिल्याबाई आठ वर्षांच्या.

पण इथेच थांबलो, तर सगळं श्रेय पाहणाऱ्याला जातं. कागद वेगळं सांगतात. १७६५ च्या पत्रात मल्हारराव सुनेला लिहितात, की चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जावं, तोफखाना सांभाळावा, दारूगोळ्याची तजवीज करावी. म्हणजे बाई कारभार करत करतच शिकत होत्या.

पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात कामी आले. १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेरावही. दिवाण गंगाधर यशवंत म्हणाले, दत्तक घ्या. तसं झालं असतं तर सत्ता दिवाणाच्या हाती गेली असती. बाईंनी नकार दिला. माधवराव पेशव्यांनी त्यांना मान्यता दिली. तुकोजींकडे फौज आणि बाईंकडे दौलतीचा कारभार, महेश्वरहून, १७९५ पर्यंत.

आज सूर्या नदीकाठी, मासवणला बसून एवढंच विचारतो: आपल्या घरात सुनेच्या हाती हिशेबाची वही आपण कधी देतो?